तार कुठे जाते? गिटारच्या माथ्याचा इतिहास आणि बोरीची एक तुळई

#थ्रेड #इतिहास

१/ परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात बोरी हे आमचे गाव. गेल्या उन्हाळ्यात आमचे जुने माळवद उतरवले. आधी वरची माती उपसली, मग खांब आणि तुळया काढून अंगणात ओळीने मांडल्या. त्यांतील एक सागवानी तुळई मी मागून घेतली. तिची इलेक्ट्रिक गिटार करायची, असा बेत आहे. घरात कोणी हरकत घेतली नाही. आजोबांनी एवढेच विचारले, "एकदा कापलं की मागून जोडता येतंय का रे?"

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जो इतिहास हाती लागला, तो या धाग्यात मांडतो आहे.

२/ गिटारचे ढोबळ भाग तीन: धड, मान आणि माथा. माथ्याला हेडस्टॉक म्हणतात. तारा पिळण्याच्या कळा तिथे बसतात. दुरून पाहणाऱ्याला माथा म्हणजे कंपनीचे नाव लिहिण्याची शोभिवंत पाटी वाटते. मीही आरंभी वहीत आकारच काढत बसलो होतो. एक नागाच्या फण्यासारखा, एक कोयत्यासारखा. दोन्ही देखणे आणि दोन्ही निरुपयोगी. कारण माथ्याचा आकार शेवटी ठरतो. पहिला प्रश्न असतो तो तारेचा: ती नटवरून निघून नेमकी कुठे जाते?

३/ हा प्रश्न किती भारी आहे, ते आकड्यांत पाहू. घोडीपासून नटपर्यंत ६४८ मिलिमीटर लांबीच्या गिटारवर नेहमीच्या बारीक तारांचा संच सुरात लावला, तर सहा तारांचा मिळून ताण सुमारे ४५ किलो भरतो. म्हणजे सिमेंटच्या गोणीपेक्षा किंचित कमी वजन त्या लाकडाला रात्रंदिवस ओढत असते.

माथ्याने तीन गोष्टी साधायच्या असतात. तार नटवर घट्ट दाबून बसली पाहिजे. तिची वाट शक्य तितकी सरळ हवी. आणि हा ताण लाकडाच्या रेषांनी सोसला पाहिजे. माथ्याचा सगळा इतिहास या तीन मागण्यांच्या ओढाताणीचा आहे.

४/ गिटार परदेशी असली, तरी तार आणि लाकूड यांचे शास्त्र आपल्याला परके नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या राज्यात, दुसरा सिंघण याच्या कारकिर्दीत, शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. तो स्वतः दरबारात हिशेबाचे खाते सांभाळणारा अधिकारी होता. आमच्याच तालुक्यातील चारठाण्याची मंदिरे ज्या काळाची साक्ष देतात, त्याच काळातला हा ग्रंथ.

५/ त्याच्या वाद्याध्यायात वीणांची वर्णने आहेत, आणि ती हात, वीत, अंगुळे अशा मापांत आहेत. एकतंत्री वीणेला पडदे नाहीत. किन्नरी वीणेला आहेत, आणि ते दांडीवर मेणाने बसवायचे. दांडी केवढी, भोपळा केवढा, पडदा कशाचा, याचा तपशील हिशेबनीसाला शोभेल अशा काटेकोरपणे येतो.

यातून एक धडा मिळतो. वाद्याची रचना म्हणजे आधी मापे. रूप त्या मापांतून उगवते. वहीतले फणे आणि कोयते मी त्याच दिवशी खोडले.

६/ शार्ङ्गदेवाने ग्रंथात जे लिहिले, तसले ज्ञान हातात जपणारे गाव म्हणजे मिरज. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्यांचा व्यवसाय रुजला. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांना या परंपरेचे मूळपुरुष मानतात. तलवारींचा काळ सरला आणि तेच कसबी हात सतार-तंबोऱ्यांकडे वळले. पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि अस्सल कान असलेला गायक कारागिरांच्या दारातच लाभला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

७/ आता तंबोऱ्याचा माथा नीट पाहा. भोपळा सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर-मंगळवेढा भागातला, दांडी बहुधा तुणीच्या लाकडाची. वरच्या टोकाला चार खुंट्या असतात. दोन समोरून बसवलेल्या, दोन कडेने एकेक. घोडीवरून आलेली तार दांडीच्या वरच्या टोकाशी असलेल्या दोन पट्ट्यांपैकी एकीच्या भोकातून जाते, दुसरीवर टेकते आणि मग खुंटीला गुंडाळली जाते. तारेला दाब हवा, म्हणून ही दुहेरी व्यवस्था.

खुंटी निमुळती असते. ती केवळ घर्षणावर टिकते. किंचित सैल झाली की सूर उतरतो, जास्त घट्ट बसली की एकदम उडी मारते.

८/ या अडचणीवर आपल्या कारागिरांनी काढलेली तोड अप्रतिम आहे. ढोबळ सूर वर खुंटीने लावायचा आणि बारीक सूर खाली, घोडीच्या पलीकडे, तारेत ओवलेला मणी सरकवून. एकाच टोकावर सगळा भार टाकायचा नाही.

फ्लॉइड रोझ या अमेरिकी गिटारवादकाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस तार नटपाशीच आवळून टाकणारी यंत्रणा आणली. मग वरच्या कळा निरुपयोगी झाल्या आणि बारीक सुरासाठी खाली घोडीपाशी स्क्रू द्यावे लागले. दोघांची भेट होण्याचा प्रश्नच नव्हता. अडचण एक होती, म्हणून उत्तरही सारखे निघाले.

९/ आता युरोपात जाऊ, कारण आजच्या इलेक्ट्रिक गिटारचा माथा तिथल्या एका शहरातून निघतो. व्हिएन्नातील योहान गेओर्ग श्टाउफर (१७७८–१८५३) हा नामांकित वाद्यकार. १८२२ मध्ये गिटारच्या सुधारणांसाठी त्याला सहकाऱ्यासह सरकारी विशेष हक्क मिळाला होता. त्याच्या गिटारींचा एक प्रसिद्ध माथा आहे, ज्यात सहाही कळा एकाच बाजूला, ओळीने बसवलेल्या असतात आणि टोक मोजडीसारखे वळलेले असते. ही रचना विजेच्या गिटारच्या शंभराहून अधिक वर्षे आधीची आहे.

१०/ श्टाउफरच्या हाताखाली तयार झालेला क्रिस्टियान फ्रीडरिश मार्टिन १८३३ मध्ये न्यूयॉर्कला गेला. त्याच्या सुरुवातीच्या अमेरिकी गिटारींवर गुरूचा तोच एकबाजूचा माथा दिसतो. पुढे त्याने तो सोडला. अमेरिकेत दोन्ही कडांना तीन-तीन कळांची रीत रूढ झाली आणि एकबाजूचा माथा जवळजवळ विस्मरणात गेला. इतिहासात कल्पना क्वचितच मरतात. त्या बहुधा अडगळीत पडून राहतात, माळवदाखालच्या तुळईसारख्या.

११/ ही कल्पना परतली कॅलिफोर्नियात. १९४८ मध्ये पॉल बिग्सबी या मोटारसायकलींच्या शौकीन कारागिराने गायक-वादक मर्ल ट्रॅव्हिस याच्यासाठी भरीव धडाची इलेक्ट्रिक गिटार केली. ट्रॅव्हिसला सगळ्या कळा एकाच बाजूला हव्या होत्या. ही गिटार आज नॅशव्हिलच्या संग्रहालयात आहे.

१९५० मध्ये लिओ फेंडरची, पुढे टेलिकास्टर या नावाने ओळखली गेलेली गिटार बाजारात आली. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. दोन्हींच्या कळा एका बाजूला.

१२/ हे श्रेय कोणाचे? स्ट्रॅटोकास्टरचा माथा बिग्सबीच्या माथ्याशी इतका जुळतो की ट्रॅव्हिसने तो आपलाच मानला. फेंडरने मात्र क्रोएशियातील जुन्या लोकवाद्यांकडे बोट दाखवले. श्टाउफरचे नाव या दोघांच्याही आधी घ्यावे लागते.

इतिहासाचा विद्यार्थी इथे निवाडा करण्याची घाई करणार नाही. तो आधी विचारील, ही रचना पुन्हा पुन्हा का सुचते? त्याचे उत्तर साध्या गणितात आहे, आणि ते वहीत पाच मिनिटांत मांडता येते.

१३/ नटवर दोन तारांमधले अंतर सुमारे ७ मिलिमीटर असते. दोन कळांच्या भोकांमधले अंतर सुमारे २५ मिलिमीटर धरा, कारण त्याहून जवळ त्या मावत नाहीत. प्रत्येक तार सरळ आपल्या कळेपर्यंत न्यायची असेल, तर दर २५ मिलिमीटर पुढे गेल्यावर पुढची कळ ७ मिलिमीटर बाजूला सरकली पाहिजे. म्हणजे कळांची ओळ साधारण १५–१६ अंशांनी तिरपी जाणार. सहा कळांची ओळ १२५ मिलिमीटर लांब.

ही तिरपी रेषा कागदावर ओढा. फेंडरचा माथा अर्धा आपोआप उमटतो. जो कोणी सरळ तार मागेल, तो याच रेषेशी पोहोचेल.

१४/ फेंडरचे दुसरे वैशिष्ट्य काटकसरीचे. त्याचा माथा सपाट आहे. मागे कललेला नाही, फक्त मानेच्या पृष्ठभागापेक्षा खाली उतरलेला आहे. त्यामुळे अख्खी मान आणि माथा एकाच पातळ फळीतून निघतात, लाकूड वाया जात नाही आणि त्याच्या रेषा अखंड राहतात.

पण सपाट माथ्यावर लांबच्या कळांकडे जाणाऱ्या बारीक तारा नटवर पुरेशा दाबल्या जात नाहीत. म्हणून त्यांना खाली ओढून धरणारा छोटा आकडा बसवावा लागतो. पहिली मागणी अपुरी राहिली, म्हणून ठिगळ लागले.

१५/ गिब्सन कंपनीने उलट वाट धरली. १९५२ च्या लेस पॉल गिटारचा माथा जुन्या रीतीचा, तीन-तीन कळांचा आणि मागे १७ अंश कललेला होता. नटवर दाब उत्तम. पण मधल्या दोन तारा नट ओलांडताच बाहेरच्या बाजूला वळतात, नटच्या खाचेत घासतात आणि सूर हलतो.

मोठा धोका लाकडाचा. एकाच ठोकळ्यातून कललेला माथा कोरला, तर लाकडाच्या रेषा माथ्याला आडव्या छेदून बाहेर पडतात. गिटार पाठीवर आपटली की नेमकी तिथे तुटते.

१६/ त्यात आणखी एक भर. मान वाकू नये म्हणून आत घालायची लोखंडी सळई गिब्सनच्याच थॅडियस मॅकह्यू याने १९२० च्या दशकाच्या आरंभी आणली. तिचे टोक माथ्याच्या बुडाशी उघडते. म्हणजे जिथे लाकूड सर्वांत दुबळे, तिथेच ते पोखरले जाते. १९६० च्या दशकाच्या मध्यात कंपनीने कल १४ अंशांवर आणला आणि १९७० च्या सुमारास मानेच्या मागे त्या जागी लाकडाचा उंचवटा ठेवला. सुधारणा खऱ्या होत्या, पण मूळ निवडीची किंमत त्या पुरती फेडू शकल्या नाहीत.

१७/ कारखान्यांचे झाले. घरी केलेल्या गिटारचे काय? ऑगस्ट १९६३ मध्ये लंडनजवळ सोळा वर्षांचा ब्रायन मे आणि त्याचे वडील हॅरोल्ड यांनी गिटार करायला घेतली. दुकानातली परवडणारी नव्हती. मानेसाठी त्यांनी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे महोगनी लाकूड घेतले. त्यातली किड्यांची भोके आगकाडीच्या तुकड्यांनी बुजवली. पडद्यांमधल्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याच्या गुंड्यांच्या. काम सुमारे दोन वर्षे चालले. ती 'रेड स्पेशल' पुढे क्वीन या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिकांतून जगभर ऐकली गेली.

१८/ तिचा माथा पाहण्यासारखा आहे. कळा तीन-तीनच आहेत, पण अशा बसवल्या आहेत की तारा जवळजवळ सरळ जातात. माथ्याचा कल अगदी थोडा. नटच्या पुढे एक शून्य पडदा आहे. तार त्यावर टेकते आणि नट केवळ तिला जागेवर ठेवतो. म्हणजे घर्षण कमी. बाप-लेकाने आकारापासून नव्हे, तर तारेपासून सुरुवात केली होती.

आणि महाराष्ट्राशी धागा हवा असेल, तर या वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजेच फारुख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. तिथेच त्याने आपला पहिला वाद्यवृंद, 'द हेक्टिक्स', उभा केला.

१९/ आपल्या मुंबईतही वादकाने स्वतः गिटार रचल्याचे उदाहरण आहे. लखनौहून आलेले व्हॅन शिप्ले हिंदी चित्रपटसंगीतातील इलेक्ट्रिक गिटारचे अग्रणी. त्यांनी आठ तारांची आपली गिटार स्वतः योजली. सरोद शिकलेल्या या वादकाला रागसंगीतासारख्या साथीच्या तारा हव्या होत्या. दोन तारा वाढल्या म्हणजे ताण वाढला, कळा वाढल्या, माथ्याचे सगळे गणित बदलले. संगीत काय हवे ते आधी ठरते, लाकूड त्यामागून येते.

२०/ एक सावधगिरीची गोष्ट, कारण तरुण हौशी कारागीर इथे हमखास चुकतात. १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने आयबानेझ गिटारींच्या अमेरिकी वितरकावर दावा लावला. वादाचा मुद्दा होता माथ्याची बाह्यरेषा. १९७८ मध्ये तडजोड झाली. गंमत अशी, की आयबानेझने दाव्याआधीच आपला माथा बदलायला घेतला होता.

२००९ मध्ये फेंडरचा धडांच्या आकृत्यांवरील दावा अमेरिकेत फेटाळला गेला. त्याच्या माथ्यांच्या आकृत्या मात्र नोंदलेल्या आहेत. म्हणजे तिरपी रेषा सर्वांची, तिच्यावरचा वळसा मात्र कंपनीचा. गणित घ्या, वळण आपले काढा.

२१/ आता बोरीची तुळई. चुंबक फिरवून आधी खिळे शोधले आणि काढले. चिरा पडलेला भाग सोडून ३० मिलिमीटर जाडीची एक सलग फळी निघाली. दुसरी नाही.

१८० मिलिमीटर लांबीचा माथा १४ अंश कलवायचा, तर टोक सुमारे ४४ मिलिमीटर खाली येते. माथ्याची १५ मिलिमीटर जाडी मिळवली, तर जवळजवळ ६० मिलिमीटरचा ठोकळा हवा. तो नाही. असता, तरी लाकडाच्या रेषा तुटल्याच असत्या. गिब्सनची वाट बंद.

२२/ उरली एक जुनी युक्ती, जी अनेक गिटारकार वापरतात. मानेची फळी २० मिलिमीटर जाड करायची आणि १० अंशांच्या तिरक्या छेदाने कापायची. कापलेला तुकडा उलटवून पुन्हा त्याच फळीला चिकटवायचा. मागे कललेला माथा तयार होतो, आणि दोन्ही तुकड्यांतील रेषा आपापल्या लांबीने अखंड राहतात. १० अंशांच्या छेदाची लांबी सुमारे ११५ मिलिमीटर भरते, म्हणजे सरसाला भरपूर जागा. साग तेलकट असतो. चिकटवण्याआधी छेद थिनरने पुसावा लागतो, नाहीतर सांधा धरत नाही.

२३/ तर आराखडा असा ठरला. कळा सहा, एका बाजूला, १५–१६ अंशांच्या तिरप्या ओळीत. तारा सरळ, म्हणून नटवर घासणार नाहीत. कल १० अंश, म्हणून दाब पुरेसा आणि आकड्यांची गरज नाही. सळईचे टोक माथ्याकडे न उघडता धडाकडे, म्हणून नटमागचे लाकूड भरीव. बाह्यरेषा सर्वांत शेवटी काढली. ती साधी आहे. टोकाला तंबोऱ्याच्या माथ्यासारखी किंचित गोलाई आहे, एवढेच. पहिला छेद बाभळीच्या फुकट तुकड्यावर घेऊन पाहिला. दुसरा नीट जमला. तुळईला अजून करवत लागलेली नाही.

२४/ आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. कापलेले जोडता येते. माथ्याच्या बाबतीत तर तिरके कापून जोडलेले लाकूड अखंड कोरलेल्यापेक्षा अधिक टिकते, फक्त रेषांची दिशा ओळखून कापले पाहिजे. त्यांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी फळीवर अंगठा फिरवला, रेषा कुठून कुठे जातात ते पाहिले आणि पेन्सिलची खूण दोन बोटे पुढे सरकवायला सांगितली. तिथे एक गाठ होती. मला ती दिसली नव्हती.

तुमच्या घरी जुने वाद्य असेल, तर आज त्याचा माथा पाहा. तार नटवरून निघून कुठे जाते, तेवढे बघा आणि खाली लिहा.

धागा समाप्त.